‘भेग’ची गाणी कोणी म्हणावीत

मी, पौर्णिमा आबाराव ओव्हाळ, वय एक्केचाळीस, धंदा गायन, राहणार सास्तूर, तालुका लोहारा, जिल्हा धाराशिव, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवते. कर्करोगामुळे माझे स्वरयंत्र काढले आहे. बोलता येत नाही; बुद्धी मात्र शाबूत आहे आणि राग धरण्याइतकी स्मरणशक्तीही.

१. घर. भूकंपानंतर वडिलांना मिळालेले घर आता माझ्या नावावर आहे. आई सुमनबाई हयात असेपर्यंत तिने त्यात राहावे. तिच्या पश्चात ते धाकटी बहीण क्षमा हिचे. मुलाखतीत विचारत, तुमचा आवाज भूकंपातून आला का? भूकंपातून आम्हाला घरावरचे पत्रे मिळाले. आवाज वडिलांच्या भीमगीतांच्या पार्टीतला. पेटी-ढोलकी त्यांनी शिकवली, गिटार मी पुण्यात बघून बघून शिकले. ‘भेग’ हा हेवी मेटल बँड काढला तेव्हा गाणी मी लिहिली, चाली मी लावल्या, पोस्टरही मीच रंगवले. गावातला पहिला कार्यक्रम ऐकून आई म्हणाली, “लेकरा, कुणावर एवढी खेकसायलीस?”

२. गिटार क्षमाला. तिला वाजवता येत नाही, ती खुंटीला टांगेल. चालेल. बँडमध्ये माझ्या जागी आलेल्या जास्मिनच्या गळ्यात दिसण्यापेक्षा खुंटी बरी.

३. चामड्याचे जाकीट आईला. थंडीत राखणीला जाताना घालावे. जास्मिनने ते एकदा घालून पाहिले होते. तिला माझ्यापेक्षा शोभले.

४. प्रसेनजित, आमचा ड्रमर. लग्न करू, करू म्हणत आम्ही दौऱ्यांवरच राहिलो. ऑपरेशननंतर मी त्याला लिहून दिले, “बँड थांबव.” तो म्हणाला, “तू म्हणतीस तर थांबवतो. पर गाणी मरतील ती तुझीच.” मी तो कागद परत घेतला. पावसाळा सरायच्या आत येरमाळ्याची जास्मिन माझ्या माइकसमोर उभी होती. तो कार्यक्रम मी मोबाइलवर आवाज बंद करून पाहिला. तिच्यामागे तो जास्त जोरात वाजवतो, हे हातांवरूनही कळते. साक्षीदाराला काही ठेवू नये, असा वकिलांचा सल्ला आहे. म्हणून पहिला साक्षीदार तोच.

५. गाणी. ती कोणीच म्हणू नयेत, असे मी ठरवले होते. मग या मार्चमध्ये जास्मिन एसटीने सास्तूरला आली. आईने चहा ठेवला. ती माझ्यासमोर खाली बसली. म्हणाली, “ताई, ‘ढिगारा’ गाण्यातला तो खालचा आवाज मला निघंना. दोन ओळीत घसा बसायलाय. डॉक्टर म्हणले, असंच गाशील तर गळा जाईल.”

मला आधी बरे वाटले. जाऊ दे तिचाही गळा, असेच वाटले. ती वाट पाहत राहिली. तिची मान भिजली होती, आणि ती सारखी गळ्याला हात लावत होती. तसाच मीही लावत असे, गाठ कळायच्या आधी.

मी तिचा तळवा माझ्या पोटावर ठेवला. श्वास कुठे धरायचा ते दाखवले. मग तिच्या पोटावर हात दाबून दुपारभर बसले. चुकली की मांडीवर चापट. तिन्हीसांजेला तो आवाज निघाला आणि आईच्या हातातली कपबशी खाली पडली. जास्मिन पाया पडायला वाकली; मी पाय मागे घेतले. माझ्या उमेदीतही मला तो इतका खोल लागला नव्हता. हे कोणी सांगायची गरज नाही. मी तिथेच होते.

म्हणून सर्व गाण्यांचे हक्क जास्मिन आयुब शेख हिला. अट एकच : प्रत्येक कार्यक्रमात आधी माझे नाव, वडिलांच्या नावासकट, घ्यावे. हे प्रेम समजू नये. गाण्यांना गळा लागतो, आणि तो तिच्याकडे आहे. मला ते सहन होत नाही.

६. अंत्यविधी बौद्ध पद्धतीने, गावातच करावा. जास्मिनने यावे, मागे उभे राहावे. गाऊ नये. त्या दिवशी तरी लोकांनी माझ्याकडेच पाहावे.

वरील मजकूर मी स्वहस्ते लिहिला, साक्षीदारांसमोर वाचून घेतला आणि सही केली. अंमलबजावणी क्षमाने करावी.

सही : पौर्णिमा आबाराव ओव्हाळ
साक्षीदार : १. प्रसेनजित बुद्धघोष सिरसाठ २. रेवणसिद्ध धोंडीबा बिराजदार, शेजारी
ठिकाण : सास्तूर
दिनांक : १९ ऑगस्ट २०२५