आफ्रिकेचे कागद

४ जून, बुधवार

त्या दिवशी सकाळी आधी कणीक मळली. मग मशीनमधले कपडे काढून मागच्या दोरीवर घातले. ह्यांचा खाणीतला केशरी शर्ट सगळ्यात शेवटी — दोनदा धुतला तरी त्याची लाल माती जात नसे. आत येऊन चहा ठेवला, हाक मारली. ओ आली नाही. दाराबाहेरच्या ओट्यावर बसून बूट घालत होते. एका बुटाची नाडी बांधून झाली होती, दुसऱ्याची राहिली होती.

ह्यांना जाऊन दोन वर्षं झाली. आज केनियाच्या परवानगीच्या अर्जात विचारलं — विवाहित, अविवाहित की विधवा. योग्य तिथे खूण केली आणि पुढे तासभर काही केलं नाही.

प्रतीक्षाने ऑगस्टची तिकिटं काढली आहेत. ती मेलबर्नहून पर्थला येणार, मी इथून, कालगुर्लीहून. मग दोघी मिळून नैरोबी. “बाबांना जायचं होतं ना? मग आपण जाऊ.” लेकीचं म्हणणं एवढंच. ह्यांची वीस वर्षं जमिनीखाली गेली. म्हणायचे, “जाई, एकदा मोठं जनावर मोकळं चालताना बघायचंय. भर उजेडात.”

मलाही जायचंय. इथे लिहायला काय हरकत — खूप जायचंय!

६ जून, शुक्रवार

पासपोर्टचा फोटो काढला. मुलगा म्हणाला, हसू नका. मी कुठे हसत होते!

९ जून, सोमवार

पिवळ्या तापाच्या लसीचं विचारायला दवाखान्यात गेले. डॉक्टर नुपूर, पुण्याची पोर. मला काकू म्हणते. साठीच्या पुढच्यांना ही लस जपून द्यावी लागते म्हणे, म्हणून तिने सगळं विचारलं.

“काकू, बीपी बरंच वर आहे.”

“पायऱ्या चढून आले ना.”

“आपल्या दवाखान्याला पायऱ्याच नाहीत, काकू.”

दोघी हसलो. मग तिने विचारलं, औषधं कुठली चालू आहेत? मी म्हटलं, काही नाही. ती माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. लस दिली नाही. पुढच्या आठवड्यात परत या म्हणाली.

१० जून, मंगळवार

खरं इथे तरी लिहावं. पाच वर्षं मी बीपीच्या गोळ्या घेते. नागपूरहून सुजित पाठवतो — माझा धाकटा भाऊ. तिकडून कोणी इकडे यायला निघालं की लोणच्याच्या बरणीबरोबर तीन-चार महिन्यांच्या गोळ्या. “ताई, तिकडच्या डॉक्टरकडे गेलीस तर उगाच दहा तपासण्या लावतील.” मलाही ते सोयीचं वाटलं. शिलाई मशीनच्या खणात ठेवते. ह्यांनाही कधी कळू दिलं नाही. कळलं असतं तर दुसऱ्या दिवसापासून घरातलं मीठ बंद!

त्यामुळे इथल्या एकाही डॉक्टरच्या कागदावर मी आजारी नाही.

आता दोन महिने कपडे वाळत घालताना हात वर केला की छातीवर दाब येतो. थांबलं की जातो. हे सुजितलाही माहीत नाही.

संध्याकाळी प्रतीक्षाचा फोन. विम्याचे प्रश्न वाचत होती. “हार्ट प्रॉब्लेम? नो. बीपी? नो. चेस्ट पेन? नो. राइट, आई?”

“हो. नाहीच.”

“गुड. इझी!”

खरं बोलले तर विमान माझ्याशिवाय जाईल.

१२ जून, गुरुवार

विम्याचे नियम वाचले. एकसष्ट पानं. माझी शाळा सातवीत सुटली, इंग्रजी मी इथल्या लायब्ररीत लहान मुलांच्या पुस्तकांवरून शिकले. पण वाचायला घेतलेलं मी पुरं करते. डिक्शनरी शेजारी ठेवून दोन दिवस लागले.

लपवलेल्या आजारासाठी ते काहीच करणार नाहीत. रानात मला काही झालं तर न्यायला विमान पाठवणार नाहीत. प्रतीक्षा एकटी माझ्याजवळ बसून राहील. काय करायचं ते तिला कळणार नाही. मलाही त्या सकाळी कळलं नव्हतं.

तरी अर्ज बदलला नाही.

१३ जून, शुक्रवार

प्रतीक्षा म्हणाली, बाबांचं त्या विमा कंपनीत खातं आहे, त्यातूनच अर्ज पाठव. ह्यांचा पासवर्ड ह्यांच्या डायरीत होता. खातं उघडलं. आत एक अर्धवट अर्ज. प्रवास केनिया, प्रवासी दोन. तारीख मार्च २०२३. म्हणजे हे गेले त्याच्या महिनाभर आधीची.

छातीत दुखतं का? — हो.
तज्ज्ञांना दाखवलं का? — हो. पर्थ, १४ मार्च.

१४ मार्च मला आठवते. खाणीचं ट्रेनिंग आहे म्हणून पर्थला गेले होते. येताना कोवळी भेंडी आणली, इथे मिळत नाही म्हणून. रात्री मी ती तेलावर परतली. दोनदा वाढून घेतली त्यांनी. एक शब्द बोलले नाहीत.

विमा कंपनीला सांगितलं. मला नाही!

इतका राग मला ते गेले तेव्हाही आला नव्हता. खाली माझं नाव होतं. त्यापुढे ह्यांनी सगळीकडे ‘नाही’ भरलं होतं. बीपी — नाही. औषधं — नाही. बिचाऱ्यांना तसंच वाटत होतं. तेव्हाही गोळ्या खणातच होत्या.

राग कुणावर काढू?

१४ जून, शनिवार

प्रतीक्षाला फोन केला. गोळ्या सांगितल्या, दाब सांगितला. बाबांचा अर्ज वाचून दाखवला. मग —

“फाइव्ह इयर्स, आई? आणि बाबा पण? तुम्ही दोघं ना... सेम! मला काय समजता तुम्ही? मी लहान आहे?”

रडली. मी रडू दिलं. नंतर नुपूरला फोन केला. “काकू, मी वाटच बघत होते,” एवढंच म्हणाली.

१७ जून, मंगळवार

नुपूरने पर्थच्या हृदयाच्या डॉक्टरांकडे उद्याची वेळ मिळवून दिली. ऑगस्टची तिकिटं प्रतीक्षाने रद्द केली. मला विचारलं नाही. मी अडवलं नाही.

१८ जून, बुधवार

सकाळच्या विमानाने पर्थला गेले. प्रतीक्षा रात्रीच तिथे येऊन थांबली होती. डॉक्टरांनी माझ्या छातीचं विचारलं. मी लेकीला खोलीबाहेर पाठवलं नाही. तिच्यासमोर सांगितलं — हो, दुखतं.