साळुंकी एकटी दिसली तर

प्रिय समी,

शारजातल्या साळुंक्या आपल्या रत्नागिरीच्या साळुंक्यांइतक्याच भांडकुदळ आहेत. मुनीरच्या गॅरेजसमोर चहाचं दुकान आहे, तिथे सांडलेल्या पराठ्यावरून त्यांची रोज जुंपते. काल मात्र एकच दिसली, आणि चाळिशी ओलांडलेली ही बाई दुसरी शोधत भर रस्त्यात उभी राहिली. बायकोची लाज वाटून मुनीर गाडीतून ओरडत होता, "यल्ला यम्ना, चल, लोक बघतायत." बघू देत. तू असतीस तर माझं मनगट धरून उभी राहिली असतीस.

पाचवीत फर्नांडिस टीचरनी ते इंग्रजी बडबडगीत शिकवलं होतं, आठवतं ना? एक पक्षी दिसला तर दुःख, दोन दिसले तर आनंद, तीन म्हणजे पत्र येणार, चार म्हणजे मुलगा, आणि तिथे सगळ्या वर्गात खसखस पिकायची. गाण्यातला पक्षी आपण कुणीच पाहिलेला नव्हता, म्हणून साळुंकीवर भागवलं. शाळेच्या दगडी गडग्यावर एकटी साळुंकी बसलेली दिसली की तुझा हुकूम असायचा, दुसरी दिसेपर्यंत पाऊल उचलायचं नाही. त्यापायी किती छड्या खाल्ल्या आपण. पण दुसरी दिसायचीच, कुठेतरी जवळच किडे टिपत असायची.

आता माझी इनाया शाळेत तेच गाणं शिकते आहे. कालचा प्रकार तिला सांगितला तर म्हणते, "मम्मा, यू वेअर काउंटिंग द राँग बर्ड." खरा पक्षी म्हणे मॅगपाय, काळापांढरा, लांब शेपटीचा, विलायतेतला. म्हणजे एवढी वर्षं आपण त्याची सुखदुःखं बिचाऱ्या साळुंकीच्या माथी मारत होतो. मी पोट धरून हसले. मग कळलं की तिच्या गाण्यात पत्रच नाही, तीनला मुलगी आहे. पत्र कुठे गेलं म्हणून विचारलं, तर म्हणाली हल्ली कोण पत्र लिहितं. मला रागच आला. म्हणून हा कागद काढून बसले. फोन तू उचलत नाहीस, आणि माझे मेसेज नुसते वाचतेस.

तिनेच रात्री जेवताना विचारलं की गाण्यातल्या 'फॉर'ला मराठीत काय म्हणायचं. टीचर सांगायच्या, फॉर म्हणजे साठी. दुःखासाठी एक, आनंदासाठी दोन. तेव्हा ते किती खुळ्यासारखं वाटायचं आपल्याला. काल घास हातातच राहिला माझा. ती साळुंकी कुणासाठी दुःख आणतच नसेल, समी. दुःख करायला एकटी पुरते, आनंदाला दुसरी लागते, एवढंच म्हणायचं असेल. खरा अर्थ काय ते अल्लाला माहीत, टीचर असत्या तर माझा कान पिळला असता. मला मात्र हाच पटला, आणि तुझा धनंजय गेल्यापासून तुझ्याशी काय बोलावं ते सुचत नव्हतं, तेही सुचलं.

नर्मदाकाकूंना मी फोन करत असते, तुला सांगू नका म्हटलं होतं. त्या म्हणतात, सून खोलीचं दार लावून बसते, कुणी भेटायला आलं तर झोपलेय म्हणून सांगायला लावते. माझी फार आठवण काढतेस म्हणाल्या, आणि मी आले तरी तू दार उघडणार नाहीस असंही म्हणाल्या. म्हणून हे पत्र मी टपालात टाकलं नाही. शारजात लिहिलं, पर्समध्ये घालून आणलं, या शेवटच्या ओळी तुमच्या घरात बसून लिहिल्या आणि आत्ता तुझ्या दाराखालून आत सरकवते आहे. काकूंनी चहा टाकलाय. वाचून झालं की खिडकी उघडून बघ, तुमच्या गडग्यावर एक बसली आहे. दुसरी येईपर्यंत ती पाऊल उचलणार नाही, तुझाच नियम आहे.

तुझीच,
बाहेर बसलेली
यम्ना