टाकून दिलेल्या अवस्था

सर, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. देवळीच्या शाळेत तुम्ही आम्हाला गणित शिकवायचात, तेव्हा मी आठवीत होते. एकदा मी पुस्तकाच्या शेवटी दिलेलं उत्तर बघून मधल्या पायऱ्या उलट्या जुळवल्या. तुम्ही वर्गात न रागावता मधल्या सुट्टीत व्हरांड्यात बोलावलंत. "उत्तर बरोबर हाय पोरी, पण तू तिथवर गेलीच नाई. काऊन एवढी घाई करून राह्यली?" आणि अख्खा धडा पुन्हा सोडवायला लावलात. आठवडाभर माझा तुमच्यावर राग होता.

आता माझं काम असं आहे. धातूत लोखंडाचा एखादाच अणू परका म्हणून शिरला, की भोवतीचे सगळे इलेक्ट्रॉन त्याच्यात असे गुंततात, की हातानं गणित सुटत नाही. मग संगणकावर त्या इलेक्ट्रॉनांची साखळी करायची, एकेक कडी जोडत जायची. दर कडीला त्यांच्या शक्य अवस्था, म्हणजे मांडण्या, चौपट होतात, म्हणून कमी ऊर्जेच्या ठेवायच्या आणि बाकीच्या टाकून द्यायच्या. किती ठेवायच्या, ते आपण ठरवायचं. मी फार थोड्या ठेवल्या होत्या. आलेखात अगदी कमी तापमानाला एक देखणा उंचवटा आला. त्यावर शोधनिबंध छापून आला, नोकरीही त्याच्याच जोरावर लागली.

मागच्या वर्षी नव्या मशीनवर दुप्पट अवस्था ठेवून तेच गणित चालवलं. उंचवटा गेला. तिप्पट ठेवल्या, तरी नाहीच. शेजारच्या टेबलावरचे सहकारी म्हणाले, "कोण तपासतंय मॅडम? राहू द्या ना." दोन दिवस मी राहू दिलंसुद्धा. तिसऱ्या दिवशी सकाळी संपादकांना लिहिलं, माझा निष्कर्ष चुकला आहे, निबंध मागे घेते. बढती अडली. एका परिषदेतलं माझं व्याख्यान कार्यक्रमातून वगळलं गेलं. जेवणाच्या वेळी दोघेतिघे सहकारी माझ्या टेबलाशी येईनासे झाले.

मी पहिल्या कडीपासून पुन्हा सुरुवात केली आहे. दर फेरीला अवस्था वाढवते, उत्तर हलायचं थांबतं का ते बघते. अजून ते थोडं हलतं आहे. हलू दे. ते थांबेपर्यंत मी थांबायची नाही.

हे पत्र मी कुठेच टाकणार नाही. पण एक गोष्ट कबूल करते. पीएच.डी.च्या प्रबंधाच्या पहिल्या पानावर आभारात तुमचं नाव लिहिलं होतं, मग खोडलं. एवढ्या मोठ्या प्राध्यापकांच्या रांगेत देवळीचे मास्तर बरे दिसणार नाहीत, असं वाटलं मला. आणि तेव्हा तुम्ही अजून होतात, सर.