इंजिनाला खोटी थंडी

३ मार्च, मंगळवार
लावला! बेकरीवाल्यांच्या मुलीच्या गाडीला! हवेचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरच्या वायरीत नखाएवढा रेझिस्टर. इंजिनाला वाटतं हवा गार आहे, ते पेट्रोल जास्त ओढतं, गाडी सुसाट. व्हिडिओत बघितलं. रोज सकाळी ती वीस दुकानांत पाव पोचवते. चढावर गाडी रडते म्हणाली होती. मास्तरांना पत्ता नाही — गॅरेज त्यांचं असलं म्हणून काय!

४ मार्च
मला शेजारी बसवून चढ चढली. "अरे, पळते की रे!" हसली. कॉलेज अर्धवट सोडलं ते बरंच केलं.

७ मार्च, शनिवार
गाडी दोरीनं ओढत आणली. धक्के, काळा धूर. मागोमाग तिचे बाबा — "निम्मी दुकानं पावाविना बसलीत!" ती पावाचे ट्रे उतरवून घेत होती. मास्तरांनी रेझिस्टर चिमटीत धरून विचारलं, "हे कर्तृत्व कुणाचं?"
चूक माझी, आणि भडकलोही मीच! "तुमच्या जुन्या डोक्याला नाही कळायचं!" पाना आपटला, निघून आलो.
इंजिन बसलं असेल तर? कुठल्या तोंडानं जाऊ तिच्यासमोर?

८ मार्च
जेवलो नाही. आई तीनदा म्हणाली, "काय झालंय?" काही नाही!!

९ मार्च, सोमवार
गेलो. माफी मागितली. मास्तर म्हणाले, "आधी प्लग काढ. रडायचं नंतर."
चारही प्लग काजळीनं माखलेले. घासले, बसवले, चावी फिरवली — एका दमात चालू! इंजिन शाबूत! तिथेच फरशीवर बसलो.
मग घड्याळ लावून चढावर पिटाळलं मला. रेझिस्टर नसताना एकोणीस सेकंद. लावून — एकोणीसच!
"पळते असं वाटतं, कारण आपल्याला वाटून घ्यायचं असतं. खोटी थंडी वाजवली की इंजिन फक्त पेट्रोल जास्त पितं, शहाण्या."
खरं दुखणं भलतंच. मागचा ब्रेक पाय काढला तरी चाक धरून ठेवत होता. सोडवला — सोळा! दोन्ही हातांनी मास्तरांचे पाय धरले. "ग्रीस लागतंय, सोड!"

१० मार्च
गाडी द्यायला बेकरीत गेलो. सगळं कबूल करायचं ठरवूनच. तोंड उघडलं तर तिचे बाबाच म्हणाले, "तू कशाला मान खाली घालतोस? ते खूळ हिचं. तू नको म्हणत होतास, हिनंच हट्टानं लावून घेतलं — सांगितलंय तिनं मला."
ती मागे पाव मोजत होती. मोजताना चुकली. पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागली.