अप्पांची मराठी गेली

६ जानेवारी, सोमवार. कलबुर्गी

विषय ठरला! दानेश्वरी मॅडम, माझ्या पीएचडीच्या गाइड, त्यांना आज सांगून टाकलं — ज्या घरात मराठी आणि कानडी दोन्ही चालतात, तिथं कुणाला लकवा झाला तर कोणती भाषा जाते, कोणती राहते, आणि घरातले मग कसं बोलतात. कुठून सुचलं, असं त्यांनी विचारलं. भालकीला घरी गेले होते तिथून, एवढंच म्हणाले.

बाकीचं इथं लिहिते. दिवाळीआधी अप्पा दुकानातच कोसळले. जीव वाचला. उजवा हात गेला, बोलणं गेलं. मग कानडी हळूहळू परत आली, थोडी तुटकी. मराठीचा एक शब्द आला नाही. कानडी त्यांची आईच्या कुशीतली, मराठी बाजारातली. आणि आमची आई उदगीरची. तिला कानडी येत नाही, हे आमच्या खानदानात सगळ्यांना ठाऊक. अप्पा जन्मभर तिच्याशी मराठीतच बोलले. आता ते बोलतात आणि ती तोंडाकडं बघते. मी असले तर मी सांगते, नसले तर शेजारच्या भागम्मा अक्का.

९ जानेवारी

ग्रंथालयात संशोधकांना मदत करायला अनिलकुमार सर बसतात. त्यांनी दुपारभर शेजारी बसवून शोधायचं कसं ते शिकवलं. लेख पुष्कळ निघाले. सगळे रोग्याबद्दल. त्याची बायको कुठल्याच लेखात बोलत नाही. सरांना तसं म्हटलं तर म्हणाले, मग तुम्हाला रोगी तपासायचा आहे का घर बघायचं आहे, ते आधी ठरवा.

घर.

२७ जानेवारी

आज संख्याशास्त्राची मदत. रविकुमार सरांचं म्हणणं, माहिती मोजता आली पाहिजे. प्रत्येक माणसापुढं प्रत्येक भाषा — ‘येते’ किंवा ‘येत नाही’. मी म्हटलं, आमच्याकडं अर्धी येणारेच जास्त. ते हसले, म्हणाले, अर्धीचा रकाना नंतर बघू. सराव म्हणून आमचंच घर भरून पाहिलं. आई : कानडी — येत नाही. सरळ काम.

३ फेब्रुवारी

एथिक्स कमिटीपुढं उभी राहिले. एक वयस्कर डॉक्टर होते, त्यांनी विचारलं, ज्याला धड बोलता येत नाही त्याची परवानगी कशी घेणार? घरचे सही करतील, म्हटलं.

‘‘सही होईल हो. पण त्याला नाही म्हणायची सोय कुठं ठेवलीत?’’

बाहेर आल्यावर मॅडमना अप्पांचं सगळं सांगितलं. वाटलं, रागावतील. त्या शांतपणे म्हणाल्या, मग पहिल्यांदा त्यांनाच विचार. आणि मुलगी म्हणून लाडीगोडी लावू नको.

१२ फेब्रुवारी

चित्रांची कार्डं केली. माणूस, माइक, ‘हो’चा अंगठा, ‘नाही’चा आडवा हात. अप्पा हो म्हणणारच. मला त्यांनी कधी कशाला नाही म्हटलंय?

१६ फेब्रुवारी, रविवार. भालकी

हुमनाबादवरून आले. उसाच्या ट्रॅक्टरांमागं बस रांगत होती, डोक्यात कानडी वाक्यं घोळत होती.

आई पोळ्या लाटत होती. अप्पांपुढं कार्डं मांडली, कानडीत समजावलं — तुम्ही आणि आई कसं बोलता ते रेकॉर्ड करायचंय, थोडे दिवस, घरातच. अप्पांनी सगळी कार्डं नीट पाहिली. मग आईकडं पाहिलं. बराच वेळ. डाव्या हातानं आडव्या हाताचं कार्ड उचलून माझ्या मांडीवर ठेवलं.

‘‘ब्याड,’’ म्हणाले. नको.

मी परत समजावायला लागले. त्यांनी परत तेच म्हटलं, जरा जोरात.

आईनं विचारलं, काय म्हणालेत? मी सांगितलं, नको म्हणालेत. ती म्हणाली, ‘‘मग नको. कामून तरास द्यायलीस?’’ आणि पोळी उलटली.

१७ फेब्रुवारी

बसमध्ये रडू आलं. सगळा विषय त्यांच्यावरून सुचला आणि तेच नाहीत. स्वतःच्या तुटक्या बोलण्याची लाज वाटत असेल. दुकानात दिवसभर गप्पा मारणारा माणूस!

संध्याकाळी मॅडमकडं गेले. त्या म्हणाल्या, तुझी कार्डं चालतात हे तरी कळलं. मला ते लागलं. मग जेवताना पटलं.

५ मार्च

कमिटीची परवानगी मिळाली. हळ्ळीखेड, निर्णा आणि भालकीतली घरं. आमचं घर सोडून. ‘येते / येत नाही’ मात्र तसंच राहिलं, दुसरं काही सुचलं नाही.

८ मार्च, शनिवार. भालकी

आईला बातमी सांगितली. तिनं साखर हातावर ठेवली. अप्पांनी डोक्यावर हात ठेवला, डावा.

९ मार्च

दुपारची बस चुकली. परत आले तर दार लोटलेलं, आत कुणीतरी बाई भराभरा कानडी बोलतेय, मधेच हसतेय. अप्पा तुटक तुटक उत्तरं देतायत. वाटलं भागम्मा अक्का. दार ढकललं.

आई होती.

मला बघून मराठीवर आली. म्हणाली, ‘‘नवी नवरी होते तवा तुझी आज्जी माझ्यासमोरच माझ्याबद्दल कानडीत बोलायची. मला कळतंय म्हणले असते तर म्हातारीला तोंड लपवाया जागा ऱ्हायली नसती. आता तुझ्या आत्या हायत. त्यांनीबी लई बोललंय. ऱ्हाऊ दे झाकलेलं.’’

माझ्या तोंडून एवढंच निघालं — अप्पांना ठाऊक होतं?

‘‘ह्यांनीच तर शिकवली,’’ आई म्हणाली. ‘‘दार लावून.’’