तिघांचं एकच माप

दि. ४ फेब्रुवारी

चि. ठकीस मावशीचे ओंजळभर आशीर्वाद.

तुझे काका जाऊन सहा वर्षं झाली. आता कोपऱ्यावरचे चष्मेवाले, तेही एकटेच, मला लग्नाचं विचारताहेत. दात काढू नकोस! मला माणूस आवडलाय. पण तुझा मामा म्हणतो, भारी तापट आहे. मामी तेच म्हणते आणि वाचनालयातल्या बाईही. पहिल्या बायकोला घरात हसायची चोरी होती म्हणे. तिघं एकच सांगतात म्हटल्यावर मी होकार अडवून ठेवलाय. महिनाअखेर उत्तर द्यायचंय. तू आकड्यांतलं खरंखोटं करण्याचा पगार घेतेस ना, मग माझं एवढं फुकटात कर. लोभ आहेच, तो पत्रातूनही दिसू दे.

तुझी मावशी

दि. ९ फेब्रुवारी

ती. मावशीस सा. न. वि. वि.

दात काढलेच, आनंदाने!

अणुभट्टीत अणू फुटला की तुकडे उरतात आणि ते न्यूट्रॉन गिळत बसतात. कुठला तुकडा किती खादाड, हे मोजतात दुसरे. मी फक्त कुणावर किती विश्वास ठेवायचा ते ठरवते. परवा तीन प्रयोगशाळांचे आकडे तंतोतंत जुळले. मी खूश! मग कळलं, तिघांनीही सोनं किती न्यूट्रॉन गिळतं याचा एकच जुना आकडा प्रमाण मानून मोजलं होतं. तो चुकला की तिघेही चुकले. म्हणून आता सोन्याशिवाय नव्याने मोजायला सांगितलंय.

तेव्हा त्या तिघांना विचार, कुणाकडून ऐकलं? आणि तू स्वतः काय पाहिलंस? घाबरू नकोस. माया आहेच तशी असू दे.

तुझी ठकी

दि. १७ फेब्रुवारी

चि. ठकीस आशीर्वाद, या खेपेला दुप्पट.

बाईंनी मामीकडून ऐकलं, मामीने मामाकडून आणि मामाने तुझ्या आईकडून! ताईला सरळ विचारलं. आधी फणकारली. मग कबूल झाली, की ते एकदा गिऱ्हाइकावर ओरडले एवढंच तिने पाहिलं होतं. बाकी सगळा पराचा कावळा. तू गेलीस तर संध्याकाळी मी भांडू कुणाशी, म्हणून रडायलाच लागली. मलाही रडू आलं.

काचेला बोट लागलं की ते तापतात, हे मी स्वतः पाहिलंय. तेवढं मला चालेल. होकार कळवलाय. लोभ आता दोघांवर ठेव.

तुझी मावशी

ता. क. काल तुझी आई त्यांच्या दुकानात तासभर फ्रेमा उलथ्यापालथ्या करून, प्रत्येक काचेला बोटं लावून, काहीही न घेता परतली. ते हसतच होते म्हणे. हे तिनेच येऊन मला सांगितलं.