पट्टे कोणी तपासले

१२ ऑक्टोबर १९९५, नोएडा

खंडेराव येऊन गेला. इंद्रजित गेला त्या दिवशी येतो दरवर्षी, झेंडूचा हार घेऊन. हल्ली गुरगावच्या फॅक्टरीत सिक्युरिटीला आहे. बसेस बदलत आला बिचारा. माझ्या धाकट्या भावाच्या पॅराशूट पलटणीतला हा, श्रीलंकेत जाफन्यालाही इंद्रजितबरोबर होता. आणि आईने नेहमीसारखं साधं पाणीही विचारलं नाही! चहा मीच केला. जिन्यात म्हणाला, "ताई, काकूंना माझं काही लागलंय का?" काय सांगू? मलाच ठाऊक नाही.

१३ ऑक्टोबर

ऑफिसात नवी मुलगी — "दीदी, भाई किस वॉर में गए?" श्रीलंका म्हटलं, शांतिसेनेत. "अच्छा? वहाँ वॉर हुई थी?" आठच वर्षं झाली! सांगायचाही कंटाळा येतो आता.

लहानपणी गच्चीवरून उड्या मारतो म्हणून मार खायचा इंद्रा. पुढे त्याच उड्यांचा पगार घ्यायला लागला! तेविसाव्या वर्षी गेला.

१५ ऑक्टोबर, रविवार

आज विचारलंच, खंडेरावशी अशी का वागतेस म्हणून. आई मेथी निवडत होती. "पट्टे त्यानेच तपासले होते ना," म्हणाली.

कसले पट्टे? मग उलगडलं. इंद्रा सुट्टीवर आला की सांगायचा — "आई, घाबरू नकोस गं, उडीआधी माझे पट्टे खंड्या तपासतो." आणि तार आली तेव्हा दामूकाकांनी इंग्रजी वाचून एवढंच म्हटलं होतं, "आपला इंद्रा पडला." लढाईत पडला, या अर्थी. आईने धरलं — विमानातून पडला. छत्री उघडली नाही!

आठ वर्षं त्या माणसाला पाणी नाही, एका शब्दापायी. सगळं सांगून टाकलं. अगं, उडी नव्हतीच त्या दिवशी. बोळातून चालत जात होते, गोळी लागली. खंडेरावनेच खांद्यावर घालून आणलं त्याला.

आई मेथी निवडतच राहिली. मीच रडले. फार दमले आहे.

१६ ऑक्टोबर

सकाळी डबा भरताना आई आपणहून म्हणाली, "गोळीचं मला माहीत आहे गं. दामूभावजींनी तेराव्यालाच सांगितलं होतं. पण गोळी मारणारा थोडाच आपल्या दारात येतो? हा येतो."